हरणाची मान

रामायण ऐकताना माझी आजी सीतेसाठी कधी रडली नाही. अशोकवन आलं, अग्निपरीक्षा आली, तरी डोळे कोरडे. पाणी यायचं ते एकाच ठिकाणी, रामाचा बाण हरणाला लागतो तिथे. "अगं आजी, तो मारीच राक्षस होता," असा शहाणपणा मी करायची. "असेल मेला राक्षस. पण मान वळवून मागे बघितलं त्याने. मी पाहिलंय."

पाहिलंय म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. आजीचं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळ. आठ-नऊ वर्षांची असताना एका वाड्याच्या चौकात तिने रात्री 'दिव्याचा खेळ' पाहिला होता. दोन खांबांना पांढरं धोतर ताणून बांधलेलं, त्याच्यावर आधी तांब्याने पाणी शिंपडलं, मग कंदील मालवले. पोरासोरांना दामटून पुढे बसवलं. कुणीतरी खणखणीत आवाजात सांगायला लागलं, पेटीचा सूर लागला आणि ओल्या धोतरावर एक सोनेरी हरीण उभं राहिलं. ते पळालं नाही. त्याने उडीही मारली नाही. नुसती मान वळवली. तेवढ्या एका मानेवर आजी पुढची सत्तर वर्षं अडून बसली होती. खेळ कुणाचा, तिकीट किती, हे तिच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. दहावीचा भिंगांचा धडा तर झोपेतही म्हणून दाखवीन. तरी आजीचं हरीण आणि फळ्यावर मी काढत असलेल्या किरणाकृती यांचा काही संबंध असेल, हे वर्षानुवर्षं डोक्यात आलं नाही. 'शांबरिक खरोलिका' हे नाव वाचनात आलं आणि उजेड पडला.

जिभेला गाठ पडावी असं हे नाव कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांच्या खेळाचं. साल १८९२. शंबर हा वेदांतला मायावी असुर. त्याच्यावरून शांबरी म्हणजे माया, आणि खरोलिका म्हणजे दिवा. साहेब ज्याला मॅजिक लँटर्न म्हणायचा, त्याला पटवर्धनांनी थेट वेदांपर्यंत नेऊन भिडवलं. परक्या यंत्राला संस्कृत मुंज लावून घरात घ्यायची ही त्या काळच्या शिकलेल्या माणसांची खोडच होती, आणि मला ती आवडते. बाकी लोक 'दिव्याचा खेळ' म्हणूनच मोकळे होत असणार.

काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, पुराणातल्या कथा, जोडीला निवेदन आणि संगीत, आणि मदतीला दोन मुलं, रामचंद्र आणि विनायक, असा हा घरचा कारखाना होता. ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली ती ७ जुलै १८९६ ला, म्हणजे चार वर्षांनी. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला ३ मे १९१३ ला, म्हणजे तब्बल एकवीस वर्षांनी. म्हणून सिनेमाच्या इतिहासात पटवर्धनांना पहिल्या पानावर एक ओळ मिळते, 'सिनेमाच्या आधीचं' म्हणून. मला ते पटत नाही. बैलगाडीला मोटारीच्या आधीची गाडी म्हटलं तर बैल कुठे गेला? दिव्याच्या खेळात जे होतं ते सिनेमाने पुढे नेलं हे खरं, पण थोडं वाटेत सांडलंही. सांडलेलं काय, ते मला शाळेतल्या पोरांनी दाखवलं.

त्याआधी गावाबद्दल थोडं. हे कल्याणलाच का झालं, याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा रेल्वेचा नकाशा बघावा. गाडी १८५३ ला ठाण्यापर्यंत आली, १८५४ ला कल्याणपर्यंत. पुढे तिथूनच दोन फाटे फुटले. एक भोर घाटातून पुण्याकडे, दुसरा थळ घाटातून नाशिककडे. काचांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला याहून सोयीचं बिऱ्हाड कोणतं? शिवाय बघणारी माणसंही तयार होती. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. रात्री कंदिलाखाली कीर्तन ऐकायची सवय तर पिढ्यान्‌पिढ्यांची. चित्र दाखवत गोष्ट गाणं हेही काही नवं नव्हतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हाच उद्योग कागदावरच्या चित्रांनी करत आले आहेत, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्याही नाचवत आले आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांना पिंगुळी आठवली. पटवर्धनांनी त्या जुन्या गोष्टीत भिंग घातलं.

आता खेळाच्या आत शिरू. कंदील म्हणजे एक पेटी. आत दिवा, त्याच्या मागे खोलगट आरसा, पुढे उजेड गोळा करणारं जाड भिंग, त्याच्या पुढे काचेवरचं चित्र उलटं, आणि शेवटी चित्र मोठं करून पडद्यावर टाकणारं भिंग. डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या कागदांत १६५९ साली हे सापडतं. दोनशे वर्षांत बदलला तो मुख्यतः दिवा: कुठे तेलाची वात, कुठे रॉकेल, कुठे चुन्याच्या वडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळणारा डोळे दिपवणारा पांढरा उजेड. धोतर ओलं का करायचं, हेही आजीला ठाऊक नव्हतं. कंदील पडद्याच्या मागे ठेवला की उजेड कापडातून आरपार यावा लागतो. सुक्या कापडाच्या धाग्यांमधली हवा उजेड विखरून टाकते. तिथे पाणी भरलं की उजेड सरळ पलीकडे जातो. तेल लागलेला वडापावचा कागद जसा पारदर्शक होतो, तसंच.

आणि मान? मानेसाठी दोन काचा लागतात.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या पोरांना मी हे करायला लावलं. बुटांचं खोकं घेतलं. फडके रोडच्या एका चष्मेवाल्याने प्लस दहा नंबरचं भिंग फुकट दिलं. प्लस दहा म्हणजे नाभीय अंतर दहा सेंटिमीटर. भिंत तीन मीटरवर धरली तर चित्र जवळजवळ तीसपट मोठं होतं. दिवा म्हणून पोरांनी मोटारसायकलचा हॅलोजन बल्ब आणला. पहिल्याच दिवशी चित्राची काच टच्च वाजून आडवी तडकली आणि रंगाला फोड आले. पटवर्धनांच्या काळात रॉकेलच्या दिव्यापुढे हे रोजचंच असणार. मग आम्ही साधी एलईडी टॉर्च घेतली.

चित्र काढणारा मुलगा एरवी मागच्या बाकावरचा, वहीच्या कडांना घोडे काढत बसणारा. त्याला म्हटलं, एकाच काचेवर एकच हरीण काढ, पण त्याला दोन माना दे. एक समोर बघणारी, एक मागे वळलेली. बाकी सगळी काच काळी कर. तो हसला. "बाई, रावणाचं हरीण." मग दुसरी काच साधी, तिच्यावर काळ्या रंगाचे नेमके दोन डाग. ही काच पहिलीवर ठेवली की मागची मान डागाखाली जाते, समोरची दिसते. बोटभर सरकवली की समोरची झाकली जाते आणि मागची उघडते. पार्श्वभूमी काळीच असल्यामुळे डाग कुणाला दिसत नाही.

सांगायला सोपं. करताना तीन आठवडे गेले. तीसपट मोठं होणार म्हणजे डोळा एक मिलिमीटर चुकला तर भिंतीवर तीन सेंटिमीटर चुकतो. आमच्या पहिल्या हरणाचा डोळा कानाखाली गेला होता. दुसऱ्या हरणाला, मुलगा म्हणाला, कावीळ झाली. सोनेरी म्हणून लावलेला रंग काचेतून उजेड गेला की हळदीसारखा पिवळा यायचा. शेवटी त्याने पिवळ्यावर विटकरी रंगाचा एक हात मारला आणि बोटाने पुसून काढला. रंगाचे पुसट फराटे राहिले. भिंतीवर ती हरणाची कातडी झाली. डोळा त्याने ब्रशचे केस कापून, एकच केस ठेवून काढला. काढताना श्वास धरायचा. मी पाहत उभी राहिले तर म्हणायचा, "बाई, तुम्ही श्वास घेऊ नका."

खरी गोची पुढे झाली. काच सरकवायची कशी? पोरांनी हळूहळू सरकवली तर मधेच दोन्ही माना अर्ध्या अर्ध्या दिसल्या, वर्ग खो खो हसला. झटकन ओढली तर काहीच कळलं नाही, चित्र बदललं इतकंच. पाचवी-सहावी वेळ असेल. गोष्ट सांगणारी मुलगी बाण सुटला तिथे थांबली, पुढचं वाक्य विसरली होती बिचारी. वर्गात शांतता. काच धरलेल्या पोराला वाटलं हीच आपली खूण, त्याने टक् करून काच सरकवली. हरणाने मान वळवली. पस्तीस पोरांतलं एकही हसलं नाही. मागून कुणीतरी हळूच "अरे" म्हणालं.

मी विज्ञानाची बाई, मला उत्तर द्यायलाच हवं होतं. मान कुठे वळली? काचेवर वळली नाही, तिथे दोन ठार मेलेल्या माना आहेत. भिंतीवरही नाही. मॅक्स वर्थायमर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाला आगगाडीच्या प्रवासात हाच प्रश्न पडला, तो फ्रँकफुर्टला मधेच उतरला आणि हलतं चित्र दाखवणारं खेळणं विकत घेऊन आला, असं त्याच्याबद्दल सांगतात. रोज डोंबिवलीला धक्के खात उतरण्यात माझी हयात गेली, मला असलं काही सुचलं नाही. १९१२ मध्ये त्याने छापलं ते असं: दोन रेघा एकामागून एक दाखवल्या, मधलं अंतर सेकंदाचा पाचवा भाग असेल तर माणसाला दोन वेगळ्या रेघा दिसतात. तीन-शतांश सेकंद असेल तर दोन्ही एकदमच दिसतात. आणि साधारण सहा-शतांश सेकंद ठेवलं तर एकच रेघ इकडून तिकडे गेलेली दिसते. न झालेली हालचाल बघणाऱ्याने आपल्या पदरची घातलेली असते.

मानेचं हे झालं. दुःखाचंही तसंच आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक लहानशी फिल्म केली. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, एक चौकोनी घर, बस. आकृत्या नुसत्या सरकतात. ३४ जणींना विचारलं, काय पाहिलंत? मोठा त्रिकोण दांडगट आहे, धाकट्याचा जीव वर्तुळावर आहे, ते घाबरलंय, अशी वर्णनं आली. भूमितीच्या भाषेत उत्तर दिलं ते एकीनेच. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिने वर्तुळाला कुंकू लावलं असतं.

समानुभूती हा शब्द आता शाळेच्या परिपत्रकांतही येतो. त्याच्या इंग्रजी भावंडाचा जन्म दवाखान्यात झाला नाही, चित्रासमोर झाला. रॉबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ मध्ये एक शब्द वापरला, त्याचा अर्थ साधारण 'आत शिरून जाणवणं'. माणसाच्या आत नव्हे, कलाकृतीच्या. बघणारा खांबाकडे बघतो आणि खांबाचा भार आपल्या खांद्यावर घेतो, अशा जातीचा तो विचार होता. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिचनरने त्यावरून 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द घडवला. आपल्याकडे अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी अशा बघणाऱ्याला सहृदय म्हणून ठेवलंय. परकायाप्रवेश हा शब्दही आहे, पण तो सिद्धपुरुषांसाठी राखीव. वाड्याच्या चौकात बसलेल्या पोरीसाठी सहृदय बरा.

पटवर्धनांच्याच काळात हाच कंदील जगात दुसरीकडेही लोकांची मनं ढवळत होता. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या बातमीदाराने जानेवारी १८८८ मध्ये गरिबांच्या कोंदट खोल्यांचे फोटो काचेवर घेऊन दाखवले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅलिस सीली हॅरिस आणि तिच्या नवऱ्याने काँगोमधल्या रबराच्या जुलमाचे फोटो इंग्लंडमधल्या सभागृहांतून दाखवत फिरून बेल्जियमच्या राजाला उघडं पाडलं. त्यांचं काम मोठंच. पण रीसच्या माणसांना भिंतीवर तोंड होतं, बोलायला जागा नव्हती. बोलायचा रीस. दयेचा उजेड एकाच बाजूने पडतो, हे मला त्या चित्रांत खुपतं. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरींनी २०१४ पासून समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, त्यात वस्तीतल्या पोरांनी आपल्याच आयुष्यावर नाटुकली लिहिली आणि आपणच केली. तिथे कंदील त्यांच्या हातात होता.

आमच्याकडे नाटक, सिनेमा, मॉल सगळं आहे, आणि आता शब्द आलाय 'इमर्सिव्ह'. एका परदेशी चित्रकाराची चित्रं चारही भिंतींवर आणि जमिनीवर टाकलेलं एक प्रदर्शन मुंबईत लागलं होतं, भाचीने हट्टाने नेलं. गव्हाचं शेत माझ्या साडीवर पडलं होतं, निऱ्यांवर कावळे उडत होते. दहा मिनिटं गंमत वाटली. मग लक्षात आलं की मला काही कामच नाही. डोळा जाईल तिथे चित्र, कान देऊ तिथे व्हायोलिन. मधे फट नाही. जिथे मी काही घालावं अशी जागाच कुणी ठेवलेली नव्हती. म्हणून असेल, सगळे एकमेकांचे फोटो काढत होते.

दुसरं प्रदर्शन ठाण्यातलं, लहान, कॉलेजच्या पोरांनी मांडलेलं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघा, अशी कल्पना. डोळ्यांवर जाड चष्मा बसवायचा, त्यातून म्हाताऱ्या माणसाला जग कसं दिसतं ते कळतं. मला त्या पोराने फार आदराने हात धरून खुर्चीवर बसवलं. "काकू, आता तुम्हाला मोतीबिंदू असलेल्या व्यक्तीचा अनुभव येईल." माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरोबर एक महिना झाला होता. चष्म्यातून पांढरट धुकं दिसलं. मी म्हटलं, "असं नसतं रे दिसत." तो गडबडला. वही काढली. "मग कसं दिसतं?"

मी सांगत गेले. रात्री समोरून येणाऱ्या रिक्षाचा दिवा कसा फुटतो, त्याला काटे कसे येतात. पांढरं कधीच पांढरं राहत नाही, चहा घातल्यासारखं होतं, पण हे हळूहळू होत असल्यामुळे आपल्याला कळतच नाही. ऑपरेशननंतर घरी आले तर स्वयंपाकघरातल्या निळ्या टाइल्स बघून, या कधी बदलल्या, असं मी सुनेला विचारलं होतं. तो लिहीत होता. मधेच लिहायचं थांबला, डोळे बारीक करून छताच्या दिव्याकडे बघायला लागला. मागे रांग खोळंबली होती.

कालिदासाच्या शाकुंतलातही पहिल्या अंकात रथापुढे पळणारं हरीण मान वळवून मागे बघतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८० मध्ये मराठी रंगभूमीवर आणलं. फाळके येशूचा चित्रपट बघत बसले आणि त्यांना पडद्यावर राम आणि कृष्ण दिसायला लागले, हे तर त्यांनीच लिहून ठेवलंय. बघताना आपलं काहीतरी मधे घालणारी ही सगळी माणसं. त्यांच्या ओळीत मी माझ्या आजीलाही बसवते.

शाळेच्या प्रदर्शनात आमच्या हरणाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, कल्पना जुनी आहे. हे मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं. चित्र काढणाऱ्या पोराने दोन्ही काचा जाताना मला दिल्या. त्याने एकच विचारलं, "बाई, त्याने मागे का बघितलं?" राक्षस असून, कट यशस्वी झालेला असून, पळून जायचं सोडून. धड्यात नसलेल्या प्रश्नाला मी नेहमी द्यायची तेच उत्तर दिलं, बघू उद्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत एका संध्याकाळी दोन तास वीज नव्हती. शेजारची चार वर्षांची मुलगी रडकुंडीला आली, तिची आई गाडी रखडली म्हणून दिव्याजवळ अडकलेली. दिवा म्हणजे आमच्या मार्गावरचं स्टेशन. मी कपाटातून त्या काचा काढल्या. एकीच्या कोपऱ्याचा टवका उडालाय. खोकं केव्हाच गेलं, पण भिंग आहे. मोबाइलची टॉर्च पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवली, पुढे काचा, पुढे भिंग धरलं. भिंतीवर विटकरी फराट्यांचं हरीण आलं, जरा तिरकं. गोष्ट मी सांगितलीच नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत थांबले आणि काच सरकवली.

ती भिंतीजवळ गेली. हरणाच्या तोंडावर हात ठेवला, तर हरीण तिच्या हातावर आलं. तिने हात मागे घेतला.

"परत," ती म्हणाली.

मी काच मागे घेतली. हरीण पुन्हा समोर बघायला लागलं.